सुळक्यांमधून गेलेली वाट

अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यात ब्लॅक हिल्स नामक जो अरण्यमय पर्वतप्रदेश आहे, त्यातील ग्रॅनाइटच्या उत्तुंग सुळक्यांमधून कस्टर राज्य-उद्यानात फिरविणारा ‘नीडल्स’ मार्ग १९२२ साली पुरा झाला. मूळचा विहिरी खोदण्याचा धंदा करणारा आणि पुढे त्या राज्याचा गव्हर्नर झालेला पीटर नॉरबेक याने या चौदा मैलांची आखणी कचेरीतील नकाशावर केली नाही. पायी आणि घोड्यावरून तो मुलूख तुडवून, कोणत्या वळणावर कोणते शिखर दृष्टीस पडावे याचा रसिकतेने विचार करून त्याने ती केली, आणि स्कोव्हेल जॉन्सन या इंजिनियराने सुरुंगांच्या साह्याने ती प्रत्यक्षात उतरविली. आपल्या रतनगडावर आहे तसे एक नैसर्गिक नेढेही तेथे आहे. त्याच्याजवळचा, खडक फोडून केलेला बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. प्रवाशाने वेग सोडून पाहत जावे, हीच त्या आखणीमागील दृष्टी होय, आणि ती मला फार मोलाची वाटते.

परंतु ही भूमी अमेरिकन सरकारशी झालेल्या १८६८ च्या तहाने लकोटा या मूलनिवासी लोकांची ठरली होती. १८७४ मध्ये कस्टर या सेनाधिकाऱ्याच्या मोहिमेला तेथे सोने आढळले, आणि १८७७ मध्ये सरकारने कायदा करून ती हिरावून घेतली. उद्यानाला नाव मात्र त्याच कस्टरचे मिळाले, हे मनाला टोचते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली. लकोटांनी ती रक्कम नाकारली आणि भूमीच मागितली.