खारपाणाचा मुलूख आणि मातीच्या गढ्या

वऱ्हाडच्या इतिहासाची गोष्ट निघाली कीं आपली दृष्टि सहजच सातपुड्याकडे वळते. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील १४८७ चा शिलालेख, १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीनें घेतलेला गाविलगड आणि त्यानंतर दोनच दिवसांनीं भोंसल्यांस करावा लागलेला देवगांवचा तह, इतकें बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक असतें. परंतु गड उतरून दक्षिणेस आलें म्हणजे पूर्णेचें जें खोरें लागतें, त्याचा इतिहास कोणी विचारीत नाहीं.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून गेलेल्या या पट्ट्यास लोक खारपाणपट्टा म्हणतात. हें वाळवंट नव्हे; काळी माती खोल आहे, आणि तींत कापूस, तूर, हरभरा येतो. मात्र विहीर खणावी तर पाणी खारट, आणि तेंच पिकास दिलें तर जमीन बिघडते. पावसाळ्यांत ही माती फुगते, उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी पायाखालीं असून माणसानें घोटभर पाण्यासाठीं दूर जावें, अशी ही विलक्षण तहान आहे.

या खारटपणासही इतिहास आहे. पूर्वीं या खोऱ्यांतील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत. १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हां समुद्र शेंकडों मैल दूर असलेल्या वऱ्हाडानें काय करावें, हा प्रश्न अकोला जिल्ह्यांतील दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरीनें सोडविला. तिच्या पाण्याचें मीठ करून लोकांनीं कायदा मोडला. दांडीचें नांव सर्वतोमुखीं झालें. दहिहांड्याचें जिल्ह्याबाहेर फारसें कोणी घेत नाहीं.

जशी जमीन तशी वास्तु. गांवच्या वस्तीस पांढरी आणि शेतास काळी म्हणण्याची आपली जुनी रीत आहे, ती येथें अक्षरशः खरी ठरते. काळी माती भिंतीच्या कामाची नाहीं, म्हणून घरें पांढऱ्या मातीचीं, वर लांकडी कड्यांवर मातीचें धाबें. देशमुख-पाटलांच्या गढ्याही बहुतेक त्याच मातीच्या. पेंढाऱ्यांच्या धामधुमींत अमरावतीच्या सावकारांसाठीं १८०७ त निजामाच्या सरकारनें दगडी परकोट घातला. खेड्यास तशी ऐपत कोठून असणार? त्यानें आपल्याच पायाखालची माती उचलून हातोहात रुंदीच्या भिंती उभ्या केल्या. वाटेल त्यानें याला दारिद्र्याचें लक्षण म्हणावें. मला तें शहाणपण वाटतें. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांमधील उंचवट्यावर आहे. एलिचपूरच्या नबाबानें तो १७५७ त पुरा केला, तोही मुख्यतः विटांचा. धनिकाची भाजलेली माती टिकली, गरिबाची कच्ची माती चालली, एवढाच काय तो भेद.

आणि ती खरोखरीच चालली आहे. धाब्यावर दरवर्षीं माती न चढविल्यास दोन-चार पावसाळ्यांत घर बसतें. १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर गढीस संरक्षणाचें काम उरलें नाहीं. वारसांच्या वांटण्या झाल्या, कोणी शहरांत गेले, आणि ओस बुरुजाची माती कोणी भिंतीसाठीं, कोणी शेतासाठीं नेऊं लागला. १९०४ च्या व पुढें १९५८ च्या कायद्याचें छत्र नरनाळा, गाविलगड यांस लाभलें. परंतु कायद्यास स्मारक लागतें, आणि अर्धी ढांसळलेली गढी सरकारी डोळ्यांस मातीचा ढीगच दिसते. सगळ्या गढ्या राखाव्या असें मी म्हणत नाहीं. तें होणेंही नाहीं. पण पडण्यापूर्वीं तिचें माप घ्यावें, कडीचें लांकूड कोणतें, दरवाजा कोणत्या दिशेस, गोड्या पाण्याची विहीर कोठें, हें म्हाताऱ्यांस विचारून लिहावें, यांत कोणता मोठा खर्च आहे?

ही कल्पना परदेशांतून आणावयास नको. चौदाव्या शतकांत महानुभावांनीं चक्रधरस्वामी जेथें जेथें राहिले त्या स्थळांची नोंद ‘स्थानपोथी’त करून ठेवली: देऊळ कोणत्या मुखाचें, नदी कोणीकडे, अशी ती बारीक आहे. वि. भि. कोलते यांनीं तिचें संपादन केलें. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास अशीं स्थानें साध्या ओट्यांनीं दाखविलेलीं आहेत. कित्येक ठिकाणीं मूळ इमारतीचा मागमूस नाहीं, परंतु ओटा आहे आणि वाट विचारली तर गांवचें पोर नेऊन दाखवितें.