शेवटचा संच आणि मागें उरलेला खेळ

बावन्न पानांचा जोड कोणीही छापावा, कोणीही विकत घ्यावा आणि त्यांतून हवा तो डाव मांडावा. हा खेळ कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न कोणाच्या मनांतही येत नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत मात्र पत्त्यांची अशी एक जात निर्माण झाली कीं, तिच्या बाबतींत हा प्रश्न टाळतां येईना. 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेवर बेतलेला खेळ आणि २००१ सालीं निघालेला 'थीड पॅलेस' हा त्याचा शेवटचा संच यांची हकीकत या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे.

या जातीचा आरंभ १९९३ सालचा. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें रचलेला 'मॅजिक' नांवाचा खेळ त्या वर्षीं 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीनें बाजारांत आणला. अशा खेळांत सगळीं पानें एकदम हातीं येत नाहींत. बंद पाकिटांत तीं थोडीं थोडीं मिळतात; कांहीं विपुल, कांहीं विरळ, कांहीं दुर्मिळ. पाकिटांत काय निघेल, तें फोडल्यावांचून कळत नाहीं. जमविलेल्या पानांतून प्रत्येकानें आपला जोड आपणच रचावयाचा आणि प्रतिपक्ष्याच्या जोडाशीं लढवावयाचा. गोडी टिकावी म्हणून प्रकाशक दर कांहीं महिन्यांनीं नवीं पानें काढतो. त्यांस विस्तारसंच म्हणतात. खेळाचें ताजेपण आणि दुकानदाराची मिळकत, दोन्ही या संचांवर अवलंबून असतात.

व्हर्जिनिया संस्थानांतील नॉरफोक येथील 'डेसिफर' या कंपनीनें १९९५ च्या डिसेंबरांत 'स्टार वॉर्स'चा पहिला संच काढला. त्यांत ३२४ पानें होतीं. खेळ दोघांचा, एकाचा प्रकाशपक्ष, दुसऱ्याचा तमःपक्ष. स्पर्धेंत उतरणाऱ्याजवळ दोन्ही पक्षांचे जोड असावे लागत. प्रत्येक जोड ६० पानांचा आणि तो जोड हाच खेळाडूचा प्राण. चित्रपटांत जिला 'फोर्स' म्हटलें आहे, ती विश्वशक्ति येथें पानांच्या गड्डींतच सांठविलेली असते. एखादा वीर किंवा जहाज मांडावयाचें तर त्याचें मोल गड्डींतलीं पानें सरकवून द्यावयाचें. अशीं वापरलेलीं पानें फिरून गड्डीच्या तळाशीं जातात. परंतु प्रतिपक्ष्याच्या माऱ्यानें गमावलेलीं पानें सहसा परतत नाहींत. प्राण सरला कीं डाव सरला.

फासे या खेळांत नाहींत. दैवाचा कौल घ्यावयाचा तर गड्डीवरचें पान उलटून त्याच्या कोपऱ्यांतील अंक वाचावयाचा. त्यांतही एक मर्म आहे. पराक्रमी वीरांच्या पानावरचा हा अंक बहुधा लहान असतो आणि सामान्य पानांवरचा मोठा. त्यामुळें जोडांत नुसते महावीर भरणारा ऐन वेळीं दैवाकडून फसतो. थोरामोठ्यांबरोबर किरकोळ मंडळींनाही जागा द्यावी लागते, हें या रचनेचें खरें सौंदर्य.

पुढील विस्तारसंच चित्रपटांच्या मागोमाग चालले. १९९६ मध्यें 'अ न्यू होप' आणि 'हॉथ', १९९७ मध्यें 'डॅगोबा' आणि 'क्लाउड सिटी', १९९८ मध्यें 'जबाज पॅलेस', १९९९ मध्यें 'एन्डॉर', २००० मध्यें 'डेथ स्टार टू'. प्रत्येक संच कथेंतला एकेक प्रसंग उचली आणि त्याला साजेसा नियम घेऊन येई. 'हॉथ'मध्यें हिमग्रहावरील तळाचें शक्तियंत्र उडविण्याची मोहीम आली. 'डॅगोबा'मध्यें शिष्यानें गुरूपाशीं द्यावयाच्या परीक्षा आल्या. पडद्यावर क्षणभर दिसून नाहींशा होणाऱ्या कितीएक पात्रांना नांव आणि पूर्ववृत्त लाभलें तें या पानांमुळेंच.

१९९९ च्या मे महिन्यांत मालिकेचा नवा चित्रपट 'द फँटम मेनेस' प्रसिद्ध झाला. डेसिफरनें त्यावर प्रथम 'यंग जेडाय' नांवाचा निराळा, सोपा खेळ काढला. जुन्या खेळाच्या चाहत्यांना नव्या चित्रपटावरील संचांसाठीं २००१ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या एका वर्षांत मात्र तीन संच निघाले. 'टॅटुईन'मध्यें रथशर्यतीचा थरार होता, 'कॉरुस्कान्ट'मध्यें प्रतिनिधिसभेंतील राजकारण होतें आणि वर्षाच्या अखेरीस आला 'थीड पॅलेस'.

थीड ही नाबू नांवाच्या काल्पनिक ग्रहाची राजधानी. चित्रपटाच्या शेवटीं एकाच वेळीं चार लढाया होतात. राणी अमिडालाची मंडळी राजवाड्यांत शिरतात; मैदानावर गंगन लोक यंत्रसैनिकांशीं झुंजतात; अंतराळांत छोटीं विमानें वेढा घालणाऱ्या जहाजावर तुटून पडतात; आणि दोन जेडाय वीर डार्थ मॉलशीं तरवारीनें लढतात. हा सगळा रणसंग्राम पानांवर उतरविण्याचें काम या संचाकडे होतें.

त्यांत यंत्रसैनिकांची अडचण मोठी होती. मूळ नियमांप्रमाणें ज्या पात्राला सामर्थ्याचा अंक आहे, त्याच्याच उपस्थितीनें एखादें स्थळ ताब्यांत येई. यंत्रमानवांना तो अंकच नव्हता. म्हणजे मैदानांत यंत्रसैनिकांची पलटण उभी केली तरी नियमाच्या लेखीं तें मैदान ओस! या सैनिकांच्या पानांवर 'उपस्थिति' दर्शविणारें स्वतंत्र चिन्ह छापून ही अडचण दूर करण्यांत आली. सहा वर्षांच्या जुन्या नियमांना न मोडतां नवी कथा त्यांत बसविण्याचा हा नमुना होय.

परंतु खेळ कितीही सुरचित असला तरी त्याचा पाया उसना होता. पात्रें, चित्रें, नांवें, सारीं लुकासफिल्मचीं. डेसिफरकडे होता तो केवळ मुदतीचा परवाना. ती मुदत २००१ अखेर संपली आणि परवाना विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे गेला. ही कंपनी १९९९ मध्यें हॅस्ब्रोनें विकत घेतली होती आणि स्टार वॉर्सचीं खेळणीं विकणारी कंपनीही हॅस्ब्रोच. विझर्ड्सनें २००२ सालीं आपला नवा खेळ आणला. त्याचा रचनाकार पुन्हा रिचर्ड गारफील्ड. आणि जुन्या खेळानें कटाक्षानें वगळलेले फासे या खेळांत पटावर घरंगळूं लागले.

आतां जुन्या पानांचें काय? घरोघरीं पेट्या भरून पडलेलीं पानें कोणी परत मागूं शकत नव्हतें. पण नवा संचही कोणी काढूं शकत नव्हतें. त्या वेळीं खेळाडूंची एक समिति पुढें आली. नियमांचा निवाडा करणें, स्पर्धा भरविणें आणि खेळ ताजा ठेवणें हीं कामें तिनें पत्करलीं. नवीं पानें छापण्याऐवजीं तिनें युक्ति योजिली ती अशी: दुबळें म्हणून बाजूस पडलेलें एखादें जुनें पान निवडावयाचें, त्यासाठीं नवा मजकूर रचावयाचा, तो कागदाच्या तुकड्यावर छापून पारदर्शक वेष्टनांत त्या पानावर सरकवावयाचा. मजकूर सर्वांस विनामूल्य. ज्या पानाला पाकीट फोडणारा नाक मुरडीत असे, तेंच अशा रीतीनें पुन्हा जोडांत मानानें बसलें. थीड पॅलेसनंतर दुकानांत नवें कांहीं आलें नाहीं. तरी जागतिक स्पर्धा चालू राहिल्या.

विझर्ड्सचा खेळही २००५ मध्यें बंद पडला आणि तोही त्याच्या खेळाडूंनीं तसाच चालू ठेवला, हा योगायोग बोलका आहे. या व्यवस्थेंत उणीव नाहीं असें नव्हे. दुकानाच्या काचेमागें जें दिसत नाहीं, त्याकडे नवखा मुलगा सहजीं वळत नाहीं. शिवाय मूळ कथेवरील हक्क आजही समितीच्या हातीं नाहीं. तथापि एक गोष्ट या इतिहासानें स्पष्ट केली. चित्र, नांव, बोधचिन्ह यांचा परवाना देतां येतो आणि काढूनही घेतां येतो. दोन माणसांनीं समोरासमोर बसून एका नियमाला मान द्यावा, या कराराला परवाना लागत नाहीं. आणि खेळ म्हणतात तो या कराराला.