पुण्याच्या कुंभारापासून स्तनपुनर्रचनेपर्यंत

वाशिष्ठी नदी दाभोळपाशीं समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं जेथें वाळू वर आलेली असते, तेथें पाणी चुरगळल्यासारखें दिसतें. खोल पाण्यावर तशा खुणा उमटत नाहींत. तांडेल त्या चुण्या पाहूनच होडी दूर ठेवतो. पाण्याचा थर पातळ झाला कीं खालचें वर दिसूं लागतें, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं.

कर्करोगामुळें ज्या स्त्रीचा स्तन काढावा लागला आणि त्याच्या जागीं शल्यवैद्यानें सिलिकोनची पिशवी बसविली, तिला कित्येकदां कांहीं वर्षांनीं, वांकून तुळशीला पाणी घालतांना किंवा कळशी उचलतांना, कातडीखालीं अशाच चुण्या दिसतात. दाभोळसारख्या गांवांत असली गोष्ट घरांतहि चटकन बोलली जात नाहीं. मुंबईस जाऊन पुन्हां शस्त्रक्रिया करून घ्यावी कीं आहे तसेंच चालूं द्यावें, हा प्रश्न ती बाई एकटीच मनांत घोळवीत राहते. आतां हा प्रश्न नवा खरा. परंतु त्याच्या मुळाशीं असलेलें शास्त्र जुनें आहे, आणि त्याच्या इतिहासांतील एक ठळक पान पुण्याजवळ लिहिलें गेलें आहे.

टिपू सुलतानाशीं इंग्रजांचें जें युद्ध 1792 सालीं संपलें, त्यांत इंग्रजांच्या फौजेबरोबर एक बैलवाला होता. इंग्रजी वृत्तांतांत त्याचें नांव कावसजी असें आलें आहे. नांव पारशी वाटतें, पण तो शेतकरी मराठा होता असें तोच वृत्तांत सांगतो. टिपूच्या लोकांनीं त्याला पकडून त्याचें नाक व एक हात तोडला. सुमारें वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या कुंभार जातीच्या एका मनुष्यानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया पाहिली, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर 1794 च्या अंकांत ती छापून आली. बैलवाल्याचें नांव जगभर झालें. ज्याच्या हाताचें तें कसब होतें त्या कुंभाराचें नांव मात्र कोणीं टिपून ठेवलें नाहीं.

क्रिया अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला आकार द्यावयाचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. रेघेआंतील कातडी सोडवावयाची, पण दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. त्या पट्टीवर कातडी उलटी फिरवून खालीं आणावयाची आणि थोटकाच्या कडांत बसवावयाची. टांका मुळींच नाहीं. पाण्यांत भिजविलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर घेऊन तेवढ्यानेंच सांधा धरावयाचा. हा कात खैराचा. तो काढणाऱ्या कातकऱ्यांना कोंकणांत कोण ओळखत नाहीं? चार दिवसांनीं कात काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवीत. मधली पट्टी तोडीत ती सुमारें पंचविसाव्या दिवशीं, म्हणजे नव्या जागीं रक्त वाहूं लागल्यावर.

सुश्रुतानें हीच विद्या गालाच्या मांसावर सांगितली होती आणि मापासाठीं झाडाचें पान घेण्यास सांगितलें होतें. कुंभारानें कपाळ घेतलें. दोघांचेंहि मर्म एकच: उसनें घेतलेलें मांस आपल्या मुळाशीं जोडलेलें राहिलें तरच जगतें. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनीं मासिकांतील हा वृत्तांत वाचून वीस वर्षें त्याचा पिच्छा पुरविला. 1814 सालीं त्यांनीं पहिलें नाक केलें व 1816 सालीं पुस्तक छापलें. पहिल्या महायुद्धांतील जखमी चेहऱ्यांवर हॅरोल्ड गिलीज यांनीं ही विद्या वाढविली. त्यांच्याच हाताखालीं शिकलेले डॉ. नोशीर अंतिया यांनीं पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत कुष्ठरोग्यांचे बिघडलेले चेहरे सुधारले. पुण्याहून निघालेली विद्या अशी फिरून महाराष्ट्रांत आली.

स्तनाच्या बाबतींतहि पहिलें पाऊल याच वाटेनें पडलें. 1895 सालीं जर्मनींत विन्सेंट चेर्नी यांनीं एका गायिकेच्या स्तनांतील पोकळी तिच्याच अंगावरील चरबीच्या गांठीनें भरली. पुढें मात्र घाई झाली. व्हिएन्नाच्या गेर्सुनी यांच्या मागोमाग अनेकांनीं शरीरांत वितळलेलें पॅराफिन टोंचलें. तें आंत सरकलें, त्याच्या गांठी झाल्या, जखमा चिघळल्या. 1962 सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें क्रोनिन व गेरो या दोन शल्यवैद्यांनीं सिलिकोनच्या पिशवींत सिलिकोनचाच दाट रस भरून ती बसविली. थोड्याच वर्षांत मिठाच्या पाण्यानें भरावयाच्या पिशव्याहि निघाल्या. 1992 सालीं अमेरिकन सरकारनें रसाच्या पिशव्यांवर कडक निर्बंध घातले, ते 2006 पर्यंत राहिले. त्या काळांत तेथील बहुतेक स्त्रियांना पाण्याच्या पिशव्या घ्याव्या लागल्या.

चुण्यांचें कारण ज्यानें भिस्त्याची पखाल पाहिली आहे त्याला सांगावयास नको. पखाल थोडी रिकामी असली कीं पाणी खालीं बसतें आणि वरचें कातडें दुमडतें. पाण्याच्या पिशवीचें असेंच होतें. दाट रसाच्या पिशवींत कमी, पण होतें. आणि पिशवी दुमडली तरी वर मांसाचा जाड थर असेल तर ती घडी दिसत नाहीं. कर्करोगासाठीं स्तन काढलेल्या ठिकाणीं तोच थर उरलेला नसतो.

म्हणूनच नुसती पिशवी बदलून काम भागतेंच असें नाहीं. पाण्याऐवजीं दाट रसाची पिशवी घालतां येते. ती छातीच्या स्नायूच्या वर असेल तर खालीं नेतां येते. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून कातडीखालीं थेंबाथेंबानें पेरतां येते. तिचा कांहीं भाग शरीर शोषून घेतें, म्हणून तें काम दोनदां करावें लागतें असेंहि घडतें. शेवटचा उपाय कुंभाराच्या घरचा: इटलीच्या तान्सिनी यांनीं 1906 सालीं वर्णिलेला पाठीचा स्नायू, किंवा 1982 सालीं हार्ट्राम्फ यांनीं दाखविलेलें ओटीपोटाचें मांस, मूळ न तोडतां छातीवर फिरविणें. ही शस्त्रक्रिया मोठी असते व पाठीवर किंवा पोटावर नवा व्रण राहतो. पिशवी काढून टाकून सपाट छातीनें राहणें हाहि एक मार्ग आहे, आणि तो पत्करणाऱ्या स्त्रीला कोणीं हिणवूं नये.

नुसत्या चुण्या हा रोग नव्हे. त्यांच्यामुळें जीवास धोका नाहीं, आणि त्या सोसवत असतील तर कांहीं न करणें हाहि विचारी निर्णय होतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेंतहि रक्तस्राव, पू, पिशवीभोंवतीं शरीरानें विणलेलें आवरण आवळणें हे धोके आहेतच. शिवाय क्ष-किरणांचा उपचार झालेली कातडी लवकर भरून येत नाहीं. मात्र आकार एकाएकीं बदलला, सूज आली किंवा गांठ लागली, तर तें चुण्यांवर घालून स्वस्थ बसूं नये. पिशवी फाटली आहे काय हें सोनोग्राफीनें किंवा एमआरआयनें पाहतात. खरबरीत पृष्ठाच्या पिशव्यांभोंवतीं एक विरळा कर्करोग होतो असें आढळल्यावर एका मोठ्या कंपनीनें त्या 2019 सालीं जगभरांतून परत घेतल्या.

‘या वयांत कशाला हवें तें?’ असें म्हणणारे नातेवाईक प्रत्येक गांवांत असतात. कावसजीलाहि जगण्यासाठीं नाक अवश्य होतें असें नव्हे. वर्षभर तो त्याविना जगलाच होता.

या पिशव्या जन्मभर पुरणाऱ्या नव्हेत, हा इशारा अमेरिकन सरकारनें 2021 पासून पिशवीबरोबर देणें सक्तीचें केलें, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं धोक्यांची यादी रुग्णास वाचून दाखवून तिची सही घ्यावी असें ठरविलें. ज्या स्त्रीची शस्त्रक्रिया त्याआधींची आहे तिच्यापाशीं अशी यादी बहुधा नसते. पण रुग्णालयाच्या जुन्या कागदांत पिशवीचें नांव, क्रमांक, ती पाण्याची कीं रसाची, गुळगुळीत कीं खरबरीत, स्नायूच्या वर कीं खालीं, हें नोंदलेलें असतें. दाभोळहून मुंबईची गाडी धरण्यापूर्वीं ट्रंकेच्या तळाशीं ठेवलेला तो कागद शोधून बरोबर घ्यावा. नवा शल्यवैद्य पहिल्या भेटींत तोच मागतो.