कोप्रिव्श्तित्सा : पहिली गोळी आणि वाचलेली घरे



बल्गेरिया स्वतंत्र कसा झाला, असे विचारले तर शाळेच्या पुस्तकातले उत्तर सोपे आहे. १८७७ साली रशियाच्या झारने तुर्कस्तानशी युद्ध पुकारले, १८७८ साली सान स्तेफानोचा व पाठोपाठ बर्लिनचा तह झाला आणि बल्गेरिया पुन्हा नकाशावर आला. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. झारच्या फौजा डॅन्यूब नदी उतरून आल्या त्याच्या आदल्या वर्षी एका डोंगरी गावातल्या तरुणांनी एका लहानशा पुलावर बंदूक झाडली होती. आज मी बोलणार आहे ते त्या गावाविषयी.

गावाचे नाव कोप्रिव्श्तित्सा. आपल्या जिभेला ते जड जाते, म्हणून पुढे मी नुसते ‘गाव’ म्हणेन. सोफिया शहराच्या पूर्वेस सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर स्रेद्ना गोरा नावाची डोंगररांग आहे. तिच्या कुशीत, तोपोल्नित्सा नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर हे वसले आहे. शेती बेताची. पोट भरायचे ते मेंढ्यांवर, लोकरीवर आणि जाड लोकरी कापडाच्या धंद्यावर. गावचे व्यापारी कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जात. काहींनी सुलतानाच्या सरकारकडून मेंढ्यांवरचा कर वसूल करण्याचे मक्ते घेतले होते. गावात पैसा होता, आणि तो सुलतानाच्या राज्यात राहूनच मिळवलेला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

तुर्कांची सत्ता त्या देशावर चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून होती. एवढ्या काळात माणसे आपण कोण हेच विसरू लागतात. तेव्हा पहिले काम होते ते शाळेचे. ह्याच गावच्या नाय्देन गेरोव्हने १८४६ साली येथे शाळा काढली आणि मुलांना त्यांच्या मायबोलीत शिकवायला सुरुवात केली. ल्यूबेन काराव्हेलोव्ह हा पुढे नावाजलेला लेखक व क्रांतिकारक ह्याच गावचा. त्यानंतर वासिल लेव्स्की गावोगाव हिंडून गुप्त समित्या बांधू लागला. त्याला १८७३ साली सोफियात फाशी दिले. पण समित्या मागे राहिल्या. बंदुकीच्या आधी तीस वर्षे शाळा होती, हे मला महत्त्वाचे वाटते. संघटना एका रात्रीत उभी राहत नाही. कामगार चळवळीत ज्याने वर्गणीच्या पावत्या फाडल्या आहेत, त्याला हे सांगावे लागत नाही.

१८७६ च्या उठावाचे दोन मोठे मोहरे ह्याच गावचे होते. एक गेओर्गी बेन्कोव्स्की. मूळचे नाव गाव्रील ह्लातेव्ह. शिक्षण थोडे, धंदा शिंप्याचा, पोटासाठी तुर्की मुलुखात वणवण. एका पोलिश माणसाच्या पासपोर्टावर वावरताना त्याला हे नवे नाव मिळाले आणि तेच इतिहासात राहिले. दुसरा तोदोर काब्लेश्कोव्ह, वय वर्षे पंचवीस. हा सुखवस्तू घरचा, चांगला शिकलेला. पण त्याने नोकरी केली ती तारमास्तराची आणि मग बेलोव्हो स्टेशनवर स्टेशनमास्तरची. एक कारागीर, एक रेल्वेतला नोकरदार. उठावाचा सारा भार अशा माणसांवर होता.

एप्रिलच्या मध्यास पानाग्युरिश्ते गावाजवळ ओबोरिश्ते नावाच्या रानात गावोगावच्या साठाहून अधिक प्रतिनिधींची सभा भरली. उठावाची तारीख ठरली १ मे. त्याचबरोबर असेही ठरले, की बातमी फुटली आणि धरपकड सुरू झाली तर तारखेची वाट न पाहता तत्काळ उठायचे. (ह्या तारखा तेथल्या जुन्या पंचांगाच्या आहेत. आपल्या कॅलेंडरप्रमाणे त्यात बारा दिवस मिळवावेत.)

बातमी फुटलीच. सभेला बसलेल्या एकाने ती सरकारला पोचवली. प्लोव्हदिव्हहून नेजिब आगा शिपाई घेऊन गावात आला तो काब्लेश्कोव्ह व त्याच्या सोबत्यांना पकडायला.

हा पेच आम्हा संघटनेच्या माणसांना ओळखीचा आहे. संपाची तारीख ठरलेली असते, तयारी अर्धवट असते आणि आदल्या आठवड्यात चौघांना उचलायला गाडी येते. चौघांना जाऊ द्यावे आणि तारीख पाळावी, की चौघांसाठी सर्वांनी आजच उठावे? पहिल्यात संघटना आतून मोडते, दुसऱ्यात बाहेरून मोडण्याचा धोका असतो. काब्लेश्कोव्हने दुसरा मार्ग घेतला. २० एप्रिल रोजी तरुणांनी सरकारी कचेरीवर चाल केली. गावातल्या एका पुलावर गेओर्गी तिहानेक ह्याने पहिली गोळी झाडली आणि एक तुर्की शिपाई पडला. तो पूल आजही त्या पहिल्या गोळीच्या नावाने ओळखला जातो. नेजिब आगा निसटला. काब्लेश्कोव्हने पानाग्युरिश्त्याला चिठ्ठी धाडली, तिच्यावर मेलेल्या शिपायाच्या रक्ताची खूण केली. ‘रक्ताचे पत्र’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. पत्र पोचताच बेन्कोव्स्कीने त्याच दिवशी तेथे उठाव जाहीर केला. रायना नावाच्या तरुण शिक्षिकेने ‘स्वातंत्र्य किंवा मृत्यू’ असे शब्द घालून निशाण शिवले.

शस्त्रांची काय कथा? लोकांनी चेरीच्या झाडाची खोडे कोरून तोफा केल्या. त्यांनी तुर्की फौज थोपणार नव्हती. थोड्याच आठवड्यांत सारे संपले. क्लिसुरा जळाले, पानाग्युरिश्ते जळाले. बाताक गावात बाशीबुझुक म्हणजे बिनपगारी लुटारू पलटणींनी हजारो माणसे कापली. बेन्कोव्स्की डोंगरात गोळी लागून पडला. काब्लेश्कोव्ह पकडला गेला, त्याचे हाल केले गेले आणि जून महिन्यात गाब्रोव्होच्या ठाण्यात त्याने शिपायाच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवले.

आणि आपले गाव? ते जळाले नाही. उठावाचा रंग फिरताच गावातली वजनदार माणसे उठावकऱ्यांच्या विरुद्ध गेली. त्यांनी बाशीबुझुकांना आणि अधिकाऱ्यांना पैसा चारला आणि गाव सोडवून घेतले. म्हणून त्या वेळची रंगीत, लाकडी सज्जांची घरे आजही तेथे उभी आहेत.

मग गाव कोणी वाचवले? माझ्यासारख्याने चटकन म्हणावे, की सावकार फितूर झाले. पण बाताकचे काय झाले ते ठाऊक असताना मला तसे म्हणवत नाही. त्या पैशाने बायकामुले वाचली. तरीही एवढे खरे, की त्या पैशाने घरे वाचली, देश सुटला नाही. सगळ्याच गावांनी वेळीच पैसे मोजले असते तर सुलतानाचे राज्य आणखी किती काळ चालले असते कोण जाणे!

देश सुटला तो हरलेल्या उठावामुळे. ऑगस्टमध्ये मॅकगहान हा अमेरिकन बातमीदार बाताकला पोचला आणि लंडनच्या ‘डेली न्यूज’मध्ये त्याने तेथले दृश्य लिहिले. सप्टेंबरात ग्लॅडस्टनने पत्रक काढून इंग्लंड हलवले. पंतप्रधान डिझरेलीला तुर्कस्तान टिकवायचे होते. रशियाला हिंदुस्थानच्या वाटेपासून दूर ठेवायचे होते. त्याच डिझरेलीने त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब मिळवून दिला आणि दख्खन दुष्काळात होरपळत असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत त्याचा दरबार भरला. बल्गेरियाचे प्रेत आणि आपला दुष्काळ एकाच हिशेबाच्या वहीत होते. पण लोकमत असे पेटले, की रशियाशी लढायला इंग्लंड तुर्कांच्या बाजूने उतरू शकले नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. ह्या उठावात निरपराध मुसलमानही मारले गेले, आणि पुढच्या युद्धात असंख्य तुर्क कुटुंबे देशोधडीला लागली. स्वातंत्र्याची ही बाजू त्यांच्या मुलांच्याही आठवणीत राहिली असेल. ती सांगितल्याने काब्लेश्कोव्ह लहान होत नाही.

ह्या उठावाची सविस्तर हकीकत झाहारी स्तोयानोव्ह ह्याने लिहिली. तो पूर्वी मेंढपाळ होता, स्वतःच्या बळावर शिकला आणि उठावात स्वतः होता. त्याने ती लिहिली नसती तर पुस्तकात झार आणि तहच राहिले असते.

कोप्रिव्श्तित्साला जो प्रवासी जातो त्याला सुंदर घरे दिसतात. ती पाहावीत. आणि मग त्या लहानशा पुलावरही जावे. पुलावरून गोळी झाडणारे आणि पैसे मोजून घरे राखणारे एकाच गावचे, कदाचित एकाच आळीतले. आपल्या गावांतही दोन्ही तऱ्हेची माणसे असतात. दोघांचा हिशेब मांडताना कोणी काय वाचवले आणि कोणी काय मिळवले, ही दोन खाती निराळी ठेवावीत, एवढेच माझे मागणे आहे.