रात्रीचा वारा आणि दिवसाची कचेरी

वैशाखातल्या भर दुपारी कार्ल्याच्या पायऱ्या चढून आलेला माणूस चैत्यगृहात शिरला, की त्याचा पहिला उद्गार शिल्पाविषयी नसतो. “काय गार आहे हो!” एवढेच तो म्हणतो, आणि मग मान वर करतो.

या गारव्याचे मूळ रात्रीत आहे. पुण्याकडे एप्रिलात दुपारी पारा 38 अंशांपर्यंत चढतो नि पहाटे 20 च्या आसपास उतरतो. मुंबईत हा फरक जेमतेम 7-8 अंशांचा. मावळ दोहोंच्या मधले; पण कोरड्या दिवसांत त्याचे गोत्र पुण्याचेच. अंधार पडला की थंड हवा खालच्या दारांतून आत येते, आतली ऊबदार हवा वरच्या भव्य गवाक्षातून बाहेर पडते आणि खडक निवतो. दुसऱ्या दिवशीचे ऊन त्या काळ्या पाषाणात वीत-दोन वीत शिरेपर्यंतच दमून जाते.

भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, कार्ल्याचे त्यानंतरचे. त्या कारागिरांनी हे सारे गणित मांडले होते असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. ते गवाक्ष मुख्यतः उजेडासाठी. वाड्यांतली माणसे हेच सवयीने करीत. उन्हाळ्यात दिवसा खिडक्या ओढून घ्यायच्या, तिन्हीसांजेला उघडायच्या. जाड भिंती रात्री निवत आणि चौकातून गरम हवा आकाशाकडे जाई.

बिघडले ते कचेरी घड्याळावर चालू लागल्यावर. साहेब आले की खिडक्या उघडायच्या, शिपाई निघाला की लावायच्या. म्हणजे ऊन आत घ्यायचे आणि गारव्याला दाराबाहेर ठेवायचे! चोराची नि कागदांची धास्ती खरी, पण उलटा कारभार तो उलटाच. पुढे काचेच्या भिंती आल्या. आज मावळातही अशा कचेऱ्यांत सकाळी पहिले काम यंत्राला करावे लागते, ते काल भिंतींत मुरलेले ऊन उपसण्याचे.

उपाय अवघड नाही. उंचावर गज लावलेले झरोके रात्री उघडे ठेवावेत, पंख्याने बाहेरची हवा खेळवावी, आणि काँक्रीटचे छत खोट्या छताखाली झाकू नये, म्हणजे त्याला निवता येईल. पंख्याला लागणारी वीज वातानुकूलन यंत्राच्या मानाने किरकोळ.

लोणावळ्याच्या आषाढात मात्र हे चालायचे नाही. तेव्हा दिवस नि रात्र सारखीच ओली असते, आणि झरोक्यातून गारव्याऐवजी बुरशी येते. पण ऑक्टोबरची उन्हे तापली आणि पहाटे पांघरूण ओढावेसे वाटू लागले, की झरोके उघडायला हरकत नाही.