घाट : नदीचा आणि डोंगराचा

आईला काशीयात्रेस न्यावयाचे ठरले तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, "तिथले घाट मला या वयात चढवतील का रे?" ती मुरबाडकडची. घाट म्हणजे तिच्या लेखी नाणेघाट. कोकणातून जुन्नरला चढणारी दगडी वाट. "चढायचे नाहीत, उतरायचे आहेत," असे मी म्हणालो खरा. पण श्रोतेहो, एकाच शब्दाने कोणी डोंगर चढावा आणि कोणी नदीत उतरावे, हे कोडे वाराणसीपर्यंत माझ्या सोबतीला राहिले.

नदीचा घाट मराठीला परका नाही. वाई, नाशिक, पंढरपूर त्याला साक्षी आहेत. हिंदी भाषिक मात्र डोंगराचा घाट ऐकून थबकतो. त्याची 'घाटी' म्हणजे बहुधा दरी!

दोहोंचे मूळ संस्कृत 'घट्ट' या शब्दात सापडते. घट्ट म्हणजे नदीकाठची चढण्या-उतरण्याची जागा. सर्वांना जिथून जाणे भाग, तिथेच जकातीचे नाके बसणार. त्या झोपडीचे नाव 'घट्टकुटी'. जकात चुकविण्यासाठी रात्रभर आडवाटेने भटकलेला व्यापारी पहाटे नेमका त्याच झोपडीपुढे येऊन ठेपतो. हाच शास्त्रकारांचा 'घट्टकुटीप्रभातन्याय'. सरकारी नोकरीत केस पिकविलेल्या माझ्यासारख्याला या न्यायाचे विशेष कौतुक वाटते.

आता नाणेघाट आठवा. तिथे सातवाहनांचा कोरीव लेख आहे, आणि खिंडीच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात पडत, असे परंपरा सांगते. नदी असो वा सह्याद्री, जिथे ओलांडावयाचे आणि ओलांडताना काही मोजावयाचे, तो घाट, असे मला वाटू लागले. पुढे युरोपीयांनी खिंडींचे हे नाव सबंध पर्वतरांगेलाच देऊन टाकले.

काशीत तर हा अर्थ कथेतही वावरतो. हरिश्चंद्र घाट दाखविताना नावाडी सांगतो, की स्मशानाचा चाकर झालेल्या राजाने स्वतःच्या मुलाच्या दहनासाठी राणीकडेच कर मागितला. आई ते ऐकून बराच वेळ गप्प होती. पुढे अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट ही नावे कानी पडली, तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला.

दशाश्वमेधाच्या पायऱ्या ती सावकाश उतरली. पलीकडच्या तीरावर नुसती वाळू. "तिकडे तर काहीच नाही," ती म्हणाली, "मग एवढी माणसे उतरून जातात कुठे?" 'तीर्थ' म्हणजेही मुळात नदी ओलांडण्याची जागा, हे मी समजावू लागलो, तोवर शेजारच्या घाटियाने दक्षिणेसाठी हात पुढे केला होता.