दप्तरांतील चौथी नोंद

धर्मग्रामाच्या दप्तरांत आमच्या आजीचें नांव तीनदांच आढळतें: बाप्तिस्मा, विवाह व दफन. तेवढ्यावरून तिचें चरित्र कोण लिहील? म्हणून ज्युबिलीच्या निमित्तानें ही चौथी नोंद.

वसईच्या वाडींत केळींना व पानवेलींना पाणी घालण्यांत तिचा जन्म गेला. ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्यास तेव्हां मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. आजी पहांटे भाजीच्या जुड्या बांधी, टोपली ओसरीवर ठेवी आणि कोरड्या घशानें मिस्सेला जाई. १९५३ सालीं बारावे पायस पोपमहाशय यांनीं पाणी पिण्याची मुभा दिली. आजीनें ती कधींच घेतली नाहीं.

लॅटिन मिस्सेंत ती जपमाळ ओढी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठींत होऊं लागली, तरी माळ सुटली नाहीं. सेमिनरींत शिकून आलेल्या आम्हीं तिला ती बाजूस ठेवण्याचा उपदेश केला. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. दुसऱ्या दिवशीं माळ हातांत होतीच. तो उपदेश आज आम्हांस बोचतो.

तिच्या दफनाची नोंद आमच्याच हातची आहे. व्यवसायाच्या रकान्यांत आम्हीं ‘गृहिणी’ असें लिहिलें.